पणती, वर्तुळ आणि कलश : आकारात मजकूर बसवताना

दिवाळी अंकांची आणि लग्नपत्रिकांची कामे जवळ आली, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय हमखास वाढतो : मजकूर सरळ चौकटीत न ठेवता एखाद्या आकारात कसा बसवावा. या वेळी त्याच विषयावरची पत्रे निवडली आहेत. प्रश्न सारख्या वजनाचे नाहीत, त्यामुळे उत्तरेही कमी-अधिक लांबीची झाली आहेत.

प्रश्न : आमच्या दिवाळी अंकाचे संपादकीय पणतीच्या आकारात द्यावे, अशी संपादकांची इच्छा आहे. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पणतीची बाह्यरेषा काढून तिच्यात मजकूर ओतला. वरच्या रुंद भागात ओळी बऱ्या दिसतात, परंतु खाली बैठकीकडे शब्दांमध्ये मोठमोठ्या मोकळ्या जागा पडतात. काही ठिकाणी शब्द भलत्याच जागी तुटून त्यापुढे रेघ आली आहे. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक संकेतांक देणाऱ्या पद्धतीत नाही, जुन्या फाँटमध्ये आहे. कृपया मार्गदर्शन करावे. (डीटीपी चालक, सातारा)

उत्तर : तुमच्या पानावर दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत आणि त्यांतला शब्द तुटण्याचा दोष आधी काढायला हवा. जुन्या फाँटमधला 'क' किंवा वेलांटी संगणकाच्या लेखी देवनागरी नसतेच. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेली ती केवळ देवनागरी दिसणारी रूपे असतात. परिच्छेदाची भाषा इंग्रजी आणि हायफनेशन (ओळीच्या शेवटी शब्द आपोआप तोडणे) सुरू, अशा स्थितीत इनडिझाइन तुमचे संपादकीय इंग्रजी समजून इंग्रजीच्या नियमांनी शब्द तोडते, आणि मग अक्षर एका ओळीच्या शेवटी तर त्याचा काना पुढच्या ओळीच्या आरंभी, अशी तोडमोड होते. चौकोनी स्तंभात रुंदी पुरेशी असल्यामुळे असे क्वचित घडते आणि खपूनही जाते. आकाराच्या निमुळत्या भागात मात्र जवळजवळ प्रत्येक ओळीला शब्द तोडण्याची वेळ येते, म्हणून हा दोष तिथे उघडा पडतो. पॅराग्राफ पॅनेलमधली 'हायफनेट' ही खूण काढली की तो तत्काळ जाईल.

अंक छपाईला जायला अवधी असेल, तर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रूपांतरानंतर प्रूफ पुन्हा वाचावे लागते, विशेषतः रफार, जोडाक्षरे आणि अवतरणचिन्हे तपासावी लागतात. हे कष्ट गृहीत धरावेत. युनिकोड मजकुरासाठी पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर' हा ओळी जुळवणारा पर्याय निवडणे आवश्यक आहे, कारण नेहमीचा कंपोजर तसाच राहिला तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे न येता पलीकडे उमटते आणि जोडाक्षरे सुटी होतात. त्याचबरोबर परिच्छेदाची भाषा मराठी करावी.

आता मोकळ्या जागांविषयी. दोन्ही बाजूंनी समास जुळवलेल्या ओळीत जी जागा उरते, ती वाटून घ्यायला देवनागरीत शब्दांमधल्या फटींखेरीज दुसरे काही नसते. रोमन लिपीत अक्षरांमधले अंतर किंचित वाढवून थोडी जागा पचवता येते; आपल्याकडे तसे केले की शिरोरेषा तुटते. समजा, ४० मिलिमीटरच्या ओळीत 'वाचकांपर्यंत पोहोचवण्यासाठी' हे दोनच शब्द बसले आणि नेहमीचे अंतर धरूनही ९ मिलिमीटर उरले, तर ते सगळे एकाच फटीत जातात आणि ओळीला भगदाड पडते. तेवढेच ९ मिलिमीटर आठ शब्दांच्या ओळीत उरले असते, तर सात फटींत विभागून प्रत्येकीला सव्वा मिलिमीटर आले असते आणि कोणाच्या लक्षातही आले नसते. त्यातून मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितात. हिंदीत जिथे दोन-तीन सुटे शब्द असतात, तिथे आपल्याकडे एकच लांब शब्द असतो आणि ओळ मोडायला तेवढ्या जागा कमी मिळतात. म्हणून हिंदी मासिकात पाहिलेला एखादा आकार मराठीत जसाच्या तसा उतरेल, अशी अपेक्षा धरू नये.

यावरून पणतीचे काय करायचे, ते ठरते. ज्या रुंदीत चार शब्दसुद्धा मावत नाहीत, त्या भागात मजकूर नेऊ नये. ज्योत हे चित्रच राहू द्यावे. तिच्यात अक्षरे कोंबण्याचा मोह संपादकांना झाला, तरी तुम्ही तो आवरावा. बैठकही वेगळी काढावी, म्हणजे एक रंगीत पट्टी किंवा साधी रेघ द्यावी, आणि मजकूर पणतीच्या पोटापाशीच संपवावा. मग जस्टिफिकेशनच्या, म्हणजे दोन्ही कडा जुळवण्याच्या, खिडकीत जावे. तिथे शब्दांमधल्या अंतराचे (किमान, इष्ट आणि कमाल) मूळ आकडे ८०, १०० आणि १३३ टक्के असे असतात, ते राहू द्यावेत. अक्षरांतर तिन्ही रकान्यांत शून्यच ठेवावे. ग्लिफ स्केलिंगला, म्हणजे अक्षराची रुंदी बदलण्याला, मात्र ९८ ते १०२ टक्क्यांपर्यंत मोकळीक द्यावी. एवढा फरक डोळ्यांना जाणवत नाही आणि अडलेल्या बऱ्याच ओळी सुटतात. तरीही अडणाऱ्या ओळीत लांब शब्दाच्या योग्य जागी कंट्रोल, शिफ्ट आणि हायफन या कळा एकत्र दाबून ऐच्छिक संयोगचिन्ह घालावे. ते गरज पडली तरच उमटते. 'पोहोचवण्या-साठी' असे तोडलेले वाचकाला खटकत नाही, 'पोहो-चवण्यासाठी' असे तोडलेले खटकते; हा निर्णय यंत्रावर न सोडता स्वतः घ्यावा.

बाह्यरेषा दिसू द्यायची असेल, तर टेक्स्ट फ्रेम ऑप्शन्समध्ये इन्सेट, म्हणजे कडेपासून आतले अंतर, किमान ३ मिलिमीटर द्यावे, नाहीतर रफार आणि वेलांट्या रेषेला टेकतात. माझा कल बाह्यरेषा काढून टाकण्याकडे, फार तर मागे फिकट रंगाची पणती ठेवण्याकडे राहील. आकार ओळींच्या टोकांवरून डोळ्यांना कळतो, आणि त्यासाठी ओळी पुरेशा हव्यात. मोठ्या अक्षरांतल्या दहा-बारा ओळींनी वक्र कडा पायऱ्यांसारखी दिसते. अक्षर अर्धा-एक पॉइंट लहान करून आणि लेडिंग (ओळींमधले अंतर) त्याच मानाने कमी करून ओळी वाढवल्या, की तीच कडा गुळगुळीत वाटू लागते.

शेवटचा उपाय संपादकांच्या हातात आहे. सगळे करूनही मजकूर दोन ओळी जास्त होत असेल, तर त्यांनी दोन ओळी कापाव्यात. आकारात बसवायचे संपादकीय हे लांबी ठरवूनच लिहायचे असते, आणि ही गोष्ट पाने लागायच्या आधी बोलून घेतलेली बरी.

प्रश्न : भूमितीच्या पुस्तिकेत वर्तुळाविषयीचा एक मोठा परिच्छेद वर्तुळाच्याच आकारात द्यायचा आहे. मी लाटेक ही 'टेक'वर आधारलेली अक्षरजुळणीची प्रणाली वापरते. 'पारशेप' नावाची आज्ञा आहे असे कळले, पण तिला द्यायचे आकडे कसे काढायचे आणि मजकूर वर्तुळात नेमका भरेल हे आधी कसे कळणार? (गणित शिक्षिका, नाशिक)

उत्तर : आकडे काढण्याचे गणित तुम्हाला माझ्याहून सोपे जाईल, म्हणून ते पूर्ण मांडतो. 'पारशेप' ही टेकची मूळ आज्ञा आहे. तिला आधी ओळींची संख्या द्यायची आणि मग प्रत्येक ओळीसाठी दोन मापे : डावीकडून किती आत सुरू करायचे आणि ओळ किती लांब ठेवायची. आकार म्हणजे काय, हे तिला ठाऊक नसते. तिला फक्त ओळींच्या लांब्या कळतात. त्यामुळे आधी ओळींमधले अंतर पक्के करावे आणि नंतर आकाराकडे वळावे.

९६ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ घ्या आणि ओळींचे अंतर ६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १७ पॉइंट ठेवा. उंचीत सोळा ओळी बसतात. प्रत्येक ओळ ही ६ मिलिमीटर उंचीची पट्टी आहे असे धरा, आणि तिची जी कड केंद्रापासून दूर आहे, त्या कडेपाशी जीवा काढा. ओळ तिथेच सर्वांत अरुंद असते. केंद्राजवळच्या ओळीची दूरची कड ६ मिलिमीटरवर आहे, त्रिज्या ४८ आहे, म्हणून जीवा ९५.२ मिलिमीटर. पुढच्या कडा १२, १८, २४, ३०, ३६ आणि ४२ मिलिमीटरवर येतात व जीवा अनुक्रमे ९३.०, ८९.०, ८३.१, ७४.९, ६३.५ आणि ४६.५ मिलिमीटर निघतात. शेवटची कड ४८ वर, म्हणजे परिघावरच असल्यामुळे तिथली जीवा शून्य. याचा अर्थ, सोळांपैकी सर्वांत वरची आणि सर्वांत खालची या ओळी वापरता येतच नाहीत. हाती चौदा उरतात. वर्तुळातल्या मजकुराच्या वर आणि खाली नेहमी थोडी जागा रिकामी दिसते, तिचे कारण हेच.

डावीकडचे अंतर म्हणजे ४८ वजा अर्धी जीवा. वरून खाली ते २४.८, १६.२, १०.५, ६.४, ३.५, १.५ आणि ०.४ असे येते. खालचा अर्धा भाग त्याच्या उलट क्रमाने. 'पारशेप'ला चौदा हा आकडा देऊन या चौदा जोड्या त्याच क्रमाने, एककासह लिहाव्यात.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. या चौदा लांब्यांची बेरीज सुमारे १०९० मिलिमीटर होते. तोच परिच्छेद त्याच फाँटात आणि त्याच आकारमानात १०० मिलिमीटर रुंदीच्या साध्या चौकटीत जुळवून पाहा. तो जवळजवळ अकरा ओळी भरत असेल, तर वर्तुळात बरोबर बसेल. नऊच ओळी होत असतील, तर वर्तुळ लहान करायला हवे. ओळींची एकूण लांबी व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ९६ ला नऊ भागिले अकरा याच्या वर्गमुळाने गुणा. व्यास सुमारे ८७ मिलिमीटर येईल. नवीन व्यासात ओळींची संख्या पूर्णांकात येत नसेल, तर व्यास किंवा ओळींचे अंतर थोडे हलवून घ्यावे आणि जीवा पुन्हा काढाव्यात. ही रीत वर्तुळापुरती नाही. कुठल्याही आकारासाठी ओळींच्या लांब्यांची बेरीज आणि मजकुराची एकूण लांबी जुळवणे एवढेच मूळ काम आहे.

काही बारकावे लक्षात ठेवावेत. मजकूर चौदा ओळींहून जास्त झाला, तर टेक शेवटची जोडी पुढच्या प्रत्येक ओळीला लावत राहते आणि वर्तुळाला पतंगासारखे शेपूट फुटते. 'पारशेप' एकाच परिच्छेदापुरती लागू होते; मध्ये रिकामी ओळ सोडली की परिच्छेद संपतो आणि आकारही संपतो. पहिल्या ओळीचा नेहमीचा आतला समास 'नोइंडेंट' देऊन काढावा. शेवटची ओळ काठापर्यंत जावी म्हणून 'पारफिलस्किप' (शेवटच्या ओळीनंतरची मोकळी जागा) शून्य करावे, पण ती ओळ मुळात भरत आलेली असेल तरच. अन्यथा दोन शब्द दोन टोकांना जाऊन बसतील.

देवनागरीसाठी एक गोष्ट विशेष जपायला हवी. एका ओळीत खाली 'कृ' किंवा 'ट्टू' आणि पुढच्या ओळीत कुठेही 'र्मीं' असे काही आले, तर दोन ओळी एकमेकींना भिडतील या भीतीने टेक तेवढ्या दोन ओळींमधले अंतर वाढवते. साध्या परिच्छेदात हे चालते. इथे मात्र तुमचे सगळे गणित ६ मिलिमीटर गृहीत धरून केलेले आहे, त्यामुळे वर्तुळ उभे लांबटते. 'लाइनस्किपलिमिट' हे माप उणे, म्हणजे उदाहरणार्थ उणे ५ पॉइंट केले, की अंतर स्थिर राहते. अक्षरे खरोखरच एकमेकांवर चढत असतील, तर मुळातच ओळींचे अंतर वाढवून गणित पुन्हा मांडावे.

मराठीसाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक हे युनिकोड जाणणारे लाटेकचे प्रकार वापरावेत आणि भाषा मराठी असल्याचे पॉलिग्लॉसिया किंवा बेबल या भाषांसाठीच्या पॅकेजद्वारे सांगावे. शब्द तोडण्याचे मराठी नमुने टेकच्या संचात उपलब्ध आहेत. ओळी मोडण्याची टेकची रीत डोनाल्ड कनुथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. ती एकेक ओळ न बघता पूर्ण परिच्छेदाचा एकत्र विचार करते, आणि आकारातल्या मजकुराला तिचा फार उपयोग होतो. मात्र त्यामुळेच शेवटच्या ओळीतला एक शब्द बदलल्यावर वरच्या ओळीही हलतात. मुद्रितशोधन पूर्ण झाल्यावरच हे पान अंतिम करावे.

आकडेमोड टाळायची असेल, तर डोनाल्ड आर्सेनो यांचे 'शेपपार' हे पॅकेज आहे. त्यात बदाम, चौरस, हिरा असे काही आकार तयार मिळतात आणि मजकूर भरेल अशा बेताने ते आकारच लहान-मोठा करते. पानावर नेमक्या मापाची जागा राखलेली असेल, तर हे सोयीचे नाही. तुमच्या पुस्तिकेत व्यास थोडा बदललेला चालत असेल, तर आधी तेच वापरून पाहावे.

प्रश्न : कोरलड्रॉ या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये कलशाच्या आकारात लग्नपत्रिकेचा मजकूर बसवला. पडद्यावर सर्व ठीक वाटले, पण छापून आल्यावर शेवटची निमंत्रकांची ओळच गायब होती. पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. असे का होते? (मुद्रक, म्हापसा)

उत्तर : आकारात न मावलेला मजकूर कोरलड्रॉ नष्ट करत नाही, पण दाखवतही नाही. अशा वेळी मजकुराची तुटक रेषेची चौकट लाल होते आणि तळाच्या खुणेत बाण दिसतो. मोठी पत्रिका लहान करून पाहताना ही खूण सहज निसटते. त्याच स्थितीत 'कन्व्हर्ट टू कर्व्हज' केले, की दिसणाऱ्या मजकुराचे आकार होतात आणि न दिसणारा मजकूर मागे राहतो. म्हणून कर्व्हज करण्याआधी मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवावी आणि ग्राहकाने मंजूर केलेल्या कच्च्या प्रतीवरची शेवटची ओळ पडद्यावरच्या शेवटच्या ओळीशी ताडून पाहावी.

'फिट टेक्स्ट टू फ्रेम' ही आज्ञा मजकूर आकारात बसवते खरी, परंतु त्यासाठी ती अक्षरेच लहान-मोठी करते. दोन बाजूंच्या पत्रिकेत एका बाजूचे अक्षर १४ पॉइंट आणि दुसरीकडचे साडेबारा, असे होऊन बसते.

मुळात पत्रिकेचा मजकूर आकारात 'ओतावा' असा नसतोच. त्यातली प्रत्येक ओळ वेगळ्या मानाची असते, म्हणून आकार समोर ठेवून ओळी हाताने मोडणे उत्तम. कलशावरच्या नारळात '।। श्री ।।' येऊ द्यावे, गळ्याच्या अरुंद भागात 'शुभविवाह' एवढाच शब्द ठेवावा, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' खांद्यापाशी यावे आणि वधूवरांची नावे पोटाच्या सर्वांत रुंद ओळींवर यावीत. मुहूर्त आणि स्थळ त्याखाली, जसा कलश निमुळता होतो तशा लहान होत जाणाऱ्या ओळींत. सर्व ओळी मध्यभागी जुळवाव्यात, दोन्ही कडांना ताणू नयेत. कडा किंचित कमी-जास्त झाल्या तरी कलश ओळखू येतो, आणि नावात मोकळी जागा पडत नाही. शिशाच्या खिळ्यांच्या काळात हे काम असेच ओळ-ओळ मोजून होत असे. व्हेनिसमध्ये आल्डुस मानुटियुस यांनी १४९९ साली छापलेल्या एका ग्रंथात प्रकरणांच्या शेवटच्या ओळी निमुळत्या होत पेल्यासारखे आकार घेतात, तेही खिळे जुळवणाऱ्याच्या हातचे काम आहे.

आकार आणि मजकूर एकमेकांना चिकटले असतील, तर दोन्ही निवडून कंट्रोल आणि के दाबावे. मजकूर सुटा होतो आणि कलशाचे चित्र स्वतंत्रपणे हलवता येते.

प्रश्न : इंकस्केप या मोफत चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये आकारात बसवलेला मजकूर फाइल ब्राउझरमध्ये उघडल्यावर दिसत नाही, नुसता काळा चौकोन दिसतो. (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तुमची आवृत्ती जुनी असावी. इंकस्केप १.० च्या आधी 'फ्लो इंटू फ्रेम' ही सोय एसव्हीजी या चित्र-फाइलप्रकाराच्या अशा एका मसुद्यावर आधारलेली होती, जो पुढे मानक झाला नाही. त्यामुळे ब्राउझरना तो मजकूर समजत नाही. २०२० मध्ये आलेल्या १.० पासून ही पद्धत बदलली आहे. जुन्याच आवृत्तीत काम करायचे असेल, तर टेक्स्ट मेनूतून 'कन्व्हर्ट टू टेक्स्ट' करावे, आणि फाइल छपाईला द्यायची असेल तर थेट 'ऑब्जेक्ट टू पाथ' करावे. पाथ, म्हणजे नुसत्या रेषा, केलेला मजकूर पुन्हा सुधारता येत नाही, म्हणून त्याआधीची प्रत जपून ठेवावी. मोफत साधनांत संपूर्ण पुस्तिका जुळवायची असेल, तर स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरची १.६ ही आवृत्ती घ्यावी. तिच्यात देवनागरी जोडाक्षरे बरोबर येतात आणि मजकुराच्या फ्रेमचा आकार बिंदू ओढून हवा तसा बदलता येतो. १.४ मालिकेतल्या आवृत्त्यांकडून देवनागरीची अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न : स्मरणिकेत एका ज्येष्ठ कार्यकर्त्याविषयी लेख आहे. त्यांचे गोल छायाचित्र मजकुराच्या अगदी मध्ये ठेवून चारही बाजूंनी ओळी वाहाव्यात, असा विचार आहे. हे योग्य दिसेल का? (संपादक मंडळ सदस्य, इंदूर)

उत्तर : दुरून पाहताना चांगले दिसेल, वाचताना त्रास होईल. एकाच स्तंभाच्या मध्ये छायाचित्र आले, की त्याच्या उंचीतली प्रत्येक ओळ दोन तुकड्यांत विभागली जाते, आणि वाचणाऱ्याला चित्रावरून उडी मारून उरलेली ओळ शोधावी लागते. कित्येक जण डावीकडचा तुकडाच खाली वाचत जातात आणि मग अर्थ लागेना म्हणून थांबतात.

पान दोन स्तंभांचे करावे आणि छायाचित्र दोन्ही स्तंभांच्या मधल्या पन्हाळीवर (मोकळ्या पट्टीवर) ठेवावे. मग डाव्या स्तंभाची उजवी कड आणि उजव्या स्तंभाची डावी कड चित्राभोवती वळते, प्रत्येक ओळ मात्र अखंड राहते, आणि मंडळाला हवी असलेली मध्यवर्ती मांडणीही साधते. इनडिझाइनमध्ये टेक्स्ट रॅपचा 'रॅप अराउंड ऑब्जेक्ट शेप' हा पर्याय निवडून अंतर ४ मिलिमीटरच्या आसपास द्यावे. एकाच स्तंभाचा आग्रह असेल, तर 'रॅप टू' या ठिकाणी 'लार्जेस्ट एरिया' निवडावे; मजकूर चित्राच्या ज्या बाजूला अधिक जागा आहे तिथेच वाहतो आणि दुसरी बाजू रिकामी राहते. अशा वेळी चित्र मध्यावर न ठेवता उजव्या समासाला लावावे, म्हणजे ओळींचा आरंभ डावीकडे एका सरळ रेषेत राहतो. चित्राच्या सर्वांत फुगीर भागापाशी स्तंभाची रुंदी निम्म्याहून कमी होऊ देऊ नये. होत असेल, तर चित्र लहान करावे किंवा तेवढ्या परिच्छेदाचा उजवा समास मोकळा सोडावा.

प्रश्न : आम्ही परदेशातील मराठी मंडळाचे त्रैमासिक आता छापत नाही, फक्त संकेतस्थळावर देतो. छापील अंकात संपादकीय वर्तुळात असे, तीच ओळख पडद्यावर राखता येईल का? (कार्यकारिणी सदस्य, न्यू जर्सी)

उत्तर : राखता येईल, पण आडमार्गाने. वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत मजकूर आकाराच्या आत बसवणारा 'शेप-इनसाइड' हा गुण सुचवला गेला होता; तो ब्राउझरमध्ये चालत नाही. आकाराच्या बाहेरून मजकूर वळवणारा 'शेप-आउटसाइड' मात्र क्रोममध्ये २०१४ पासून आणि फायरफॉक्समध्ये २०१८ पासून चालतो. तो केवळ फ्लोट केलेल्या, म्हणजे एका कडेला सरकवून बाजूने मजकूर वाहू दिलेल्या, घटकांना लागू होतो. म्हणून एका चौरस घटकाच्या आत मजकुराआधी दोन रिकामे घटक ठेवायचे, एक डावीकडे आणि एक उजवीकडे फ्लोट करायचा, प्रत्येकाची रुंदी निम्मी आणि उंची पूर्ण ठेवायची, आणि 'पॉलिगॉन' वापरून त्यांना वर्तुळाच्या बाहेर उरणाऱ्या कोपऱ्यांचा आकार द्यायचा. दोन्ही बाजूंनी असे कोपरे व्यापले गेले, की मधल्या मोकळ्या जागेत मजकूर आपोआप वर्तुळात वाहतो. प्रत्येक बाजूच्या वक्राला वीसेक बिंदू दिले, तर कड पुरेशी गोल दिसते.

खरी अडचण यानंतर येते. छापील पानावर अक्षराचे आकारमान तुम्ही ठरवता. पडद्यावर ते वाचक ठरवतो. ज्येष्ठ वाचकाने अक्षर मोठे केले, की मजकूर वर्तुळात मावेनासा होतो आणि उरलेल्या ओळी वर्तुळाखाली पूर्ण रुंदीने पसरतात. यावर उपाय म्हणून चौरसाची रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये न देता 'एम' या एककात द्यावी, म्हणजे अक्षराबरोबर वर्तुळही वाढते. ज्या यंत्रावर तुमचा फाँट उतरत नाही, तिथे दुसऱ्या देवनागरी फाँटची रुंदी वेगळी पडते. त्यामुळे वेबफाँट सोबत द्यावा आणि तरीही तळाशी एक-दोन ओळींची मोकळी जागा हाताशी ठेवावी. समास दोन्हीकडून ताणू नयेत. मजकूर मध्यभागी जुळवावा.

मोबाइलवर हा आकार ठेवूच नये. साडेतीनशे पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर वर्तुळाच्या वरच्या आणि खालच्या ओळींत एकेकच मराठी शब्द मावतो. मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणारा नियम) लावून ६०० पिक्सेलखाली दोन्ही फ्लोट घटक लपवावेत आणि मजकूर साध्या चौकटीत, डावीकडे जुळवलेला दाखवावा. ओळखीसाठी त्याच्या वर संपादकांचे गोल छायाचित्र ठेवता येईल. त्याला 'बॉर्डर-रेडियस' हा कोपरे गोल करणारा गुण पुरतो आणि मजकुराला हात लावावा लागत नाही.